जठारपेठेतली तारा

११ जानेवारी १९५९, अकोला

आजही "तारा" म्हणून हाक आली नि मी ढिम्म! पीठ चाळत बसले. शेवटी सासूबाईच दारात — "काहून वं, बहिरी झाली का?"

लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळांवर अंगठीने "तारा" लिहिलं, नि अमरावतीची चारुशीला तिथेच संपली. नाव निवडलं सासूबाईंनी. ह्यांना कारण विचारलं तर म्हणे, "आईचा हट्ट होता. का, ते काही बोलली नाही." असले हे वकील! घरात उलटतपासणी जमत नाही.

पुस्तकांना जागाच नाही इथे. डाळींच्या डब्यांवर मांडली. सगळ्यात वर माझ्या लाडक्या कादंबरीकारांचं नवं चरित्र. माहेरून निघताना दादांनी हातात दिलं होतं — "करमलं नाही तर वाच, चारू."

चारू. परत रडू आलं, मेलं.

१३ जानेवारी

चरित्र सुरू! लेखकमहाराज लहानपणी चिंचेवर बसून वाचायचे नि जेवायला बोलावलं की वरूनच नाही म्हणायचे. मी फिसकन हसले. सासूबाई वाती वळत होत्या. "एकटीच काहून हसून राहिली? मोठ्यानं वाच ना, मले बी ऐकू दे."

वाचलं. माझ्यापेक्षा त्याच जास्त हसल्या.

१४ जानेवारी

पहिली संक्रांत. हलव्याचे दागिने सासूबाईंनी घरीच केले, शेगडीशी बसून बोटं भाजून घेतली. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना सांगत होत्या, "हे माही तारा!" माही म्हणाल्या! आता अशा बाईवर राग तरी कसा धरायचा? पण नाव टोचतंच.

१८ जानेवारी

शी! ज्यांच्या नायिका बापाशी भांडून शाळेत जातात, त्या माणसाने लग्नात बायकोचं नाव बदललं. वर आपल्याच कादंबरीतल्या नायिकेचं ठेवलं! लबाड कुठले! इतकी वर्षं मी ह्या लेखकावर जीव टाकला.

तरी पुढचं सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. शेवटच्या आजारात ते बायकोला तिच्या माहेरच्या नावाने हाक मारायला लागले. आणि ती बिचारी इकडेतिकडे बघायची, कोणाला बोलावतायत म्हणून!

सासूबाई वाती टाकून उठल्या. आत गेल्या. चहाला हाक मारली तरी आल्या नाहीत. मी मुद्दाम वाचलं असं वाटलं असणार त्यांना. वाटो!

संध्याकाळी ह्यांना स्पष्ट सांगितलं — मला माझं नाव परत हवं. हे म्हणाले, "पुढच्या रविवारी आईशी बोलतो. आणि ती काहीही म्हणो, मी चारूच म्हणणार." कमलाकांत! घ्या, लिहिलं नाव. वहीत लिहायला कोण अडवतंय? गुणी आहे हो माझा नवरा.

२१ जानेवारी

सासूबाई अजून गप्पच. पण माझ्या भातावर तूप मात्र दुप्पट. ही बाई मला कळत नाही.

२५ जानेवारी, रविवार

हे बोलायला बसले, तेवढ्यात वलगावहून पार्वताबाई आल्या. सासूबाईंची लहानपणची मैत्रीण, किती वर्षांनी! पदरात हुरडा. उंबऱ्यातूनच ओरडल्या, "तारे! ओ तारे!"

आम्ही दोघींनी एकदमच "ओ" दिली.

सासूबाई लाजून लाल. "माहं माहेरचं नाव," म्हणाल्या. ह्यांनासुद्धा माहीत नव्हतं — मामा सगळे अक्काच म्हणतात. "म्हनलं, मले तं आता कोनी हाक मारत नाही. घरात ते नाव तरी ऐकू येईन."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, घसा खाकरला.

"अहो, राहू द्या," मी म्हटलं.