परसातल्या स्टेशनाची तजवीज

मी, इर्मट्राउट शेलहॉर्न, माहेरची वेडेकिंड, पूर्वीचा धंदा हातमोजे शिवण्याचा, राहणार रोस्टाल, फ्युर्टजवळ, डोके ठिकाणावर असताना आणि कंबर सोडली तर शरीरही बऱ्यापैकी ऐकत असताना, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मर्जीने माझ्या मागे राहणाऱ्या मिळकतीची व्यवस्था येणेप्रमाणे लिहून ठेवते. आमच्याकडे मृत्युपत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतःच्या हाताने लिहावे लागते, म्हणून अक्षर वेडेवाकडे आहे, ते चालवून घ्यावे. यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. ते माझा नवरा एर्हार्ट याच्या नावे होते. तो माझ्या आधी गेला, तेव्हा तो कागद तसाही निकामी झाला आहे.

कलम १. रोस्टालचे घर, तळघर आणि माळ्यासकट, माझी एकुलती एक मुलगी सिग्रून हिचे एकटीचे व्हावे. ती ते विकणार हे मला ठाऊक आहे. तिचा संसार हांबुर्गला आहे, आणि या घराच्या जिन्यावर ती लहानपणापासून चिडत आली आहे. विकायला माझी हरकत नाही. परसात जे आहे ते मात्र घराबरोबर विकू नये. त्याची व्यवस्था पुढे केली आहे. ते कलम वाचण्याआधी सिग्रूनने खुर्ची घेऊन बसावे.

कलम २. बँकेतली शिल्लक, सोन्याची साखळी आणि जेवणाच्या बश्या सिग्रूनच्याच. निळ्या काठाच्या बश्या तिला मुळीच आवडत नाहीत, हे तिने मला कधी सांगितले नाही, पण त्या ती नेहमी कपाटात सगळ्यात मागे ढकलते. त्या चर्चच्या बाजारात द्याव्यात. वाईट वाटून घेऊ नये.

कलम ३. परसातली आगगाडी. यात इंजिने, डबे, पितळी रूळ, सांधे, ओढ्यावरचा पूल आणि टानेनरोडेचे स्टेशन हे सगळे येते. वाटणी करण्याआधी ती कशी उभी राहिली हे सांगणे भाग आहे, कारण सिग्रूनला ते अर्धेच माहीत आहे.

टानेनरोडे हे हार्त्सच्या डोंगरातले माझे गाव. तिथे अरुंद रुळांची छोटी गाडी यायची. वडील स्टेशनमास्तर होते आणि आम्ही स्टेशनातच वरच्या मजल्यावर राहायचो. त्या गाडीच्या इंजिनात कोळसा टाकणारा फोल्कमार नावाचा मुलगा होता आणि आमचे लग्न ठरल्यातच जमा होते. एकसष्ट सालच्या वसंतात माझी आत्या अंथरुणाला खिळली, म्हणून मी तिच्याकडे इथे पश्चिमेत, फ्रांकोनियात आले. पाने गळायच्या आत परतणार होते. ऑगस्टमध्ये बर्लिनला भिंत उभी राहिली. आमचे गाव तर थेट सरहद्दीच्या पट्ट्यात. पूर्व जर्मनीतल्या माणसांनाही तिथे परवान्याशिवाय पाऊल टाकता येत नसे, तिथे माझी काय कथा. वडील गेल्याची बातमी माझ्यापर्यंत पोचली तेव्हा त्यांना पुरूनही झाले होते.

एर्हार्ट पत्र्याच्या खेळण्यांच्या कारखान्यात साचे बनवायचा. लग्नाआधीच मी त्याला फोल्कमारबद्दल सांगितले. तो एवढेच म्हणाला, बरं झालं सांगितलंस, आणि पुढे कधी विषय काढला नाही.

सिग्रून शाळेत जायला लागली त्या नाताळात त्याने एक मोठे खोके घरी आणले. आत इंजिन, दोन डबे आणि रुळांचे एक वर्तुळ. इंजिन घरच्या पावाएवढे मोठे होते, दोन्ही हातांनी उचलावे लागे. खेळणे मुलीचे म्हणून आले, पण मुलीने ढुंकून पाहिले नाही. तिला स्केट हवे होते. स्वयंपाकघराच्या फरशीवर आम्ही दोघेच ती गाडी फिरवत बसलो. गाडी टेबलाखालून बाहेर आली आणि माझ्या तोंडून निघून गेले, "आमच्या डब्याला असला लाल रंग नव्हता."

"मग कसला होता?"

"शेवाळी. खिडक्यांखाली आडव्या फळ्या होत्या. बाकांना तपकिरी चामडं होतं, कडेला फाटलेलं."

एर्हार्टने कानामागची पेन्सिल काढली. "फाटलेलं कुठल्या बाजूला?"

आमच्या छंदाची सुरुवात ही अशी झाली. आठवडाभरात त्याने नवाकोरा डबा पॉलिश पेपरने घासून पांढरा केला. मी हातमोज्यांच्या कापातून उरलेल्या चामड्याचे बाक शिवले आणि एका बाकाची कड नखाने फाडली. वसंतात रूळ परसात गेले. त्यानंतर दरवर्षी मी सांगायचे आणि तो बांधायचा. पाण्याची टाकी कुठे होती, फलाटाला किती पायऱ्या होत्या, वडिलांच्या खोलीची खिडकी कुठल्या अंगाला उघडायची. त्याने ते गाव कधी पाहिले नव्हते. दुसऱ्या माणसासाठी ठरलेल्या बाईचे गाव तो गुडघ्यांना रबराच्या गाद्या बांधून, चिखलात बसून, विटेच्या तुकड्यांतून उभे करत होता, आणि मध्येच डोके वर करून विचारायचा, "हे बरोबर आहे का गं?" मी वाकून बघायचे आणि सांगायचे, थोडं डावीकडे.

सरहद्द उघडल्यावर आम्ही तिथे गेलो. रूळ उखडलेले होते. स्टेशनात खताची पोती रचली होती. दारात लिंडनचे झाड होते. मी एर्हार्टला नासपतीचे सांगितले होते आणि त्याने परसातल्या स्टेशनासमोर एक खुरटी नासपती लावून वर्षानुवर्षे कात्रीने छाटून ठेवली होती. मी गावातल्या एका म्हातारीला विचारले. ती म्हणाली, इथे नासपती कधीच नव्हती.

फोल्कमार भेटला. टक्कल पडले होते. त्याच्या बायकोने आलुबुखाराचा केक कापला, कॉफी दिली, आणि आम्ही चौघे हवापाण्याविषयी बोललो. निघताना फाटकापाशी तो मला म्हणाला, "गाडी बंद झाली त्या दिवशी तुझी आठवण आली होती. म्हटलं, आता हिला यावंसं वाटलं तरी ही येणार कशाने."

 परतीच्या वाटेवर एर्हार्ट म्हणाला, "नासपती काढून लिंडन लावू का?" मी नको म्हटले. त्या उन्हाळ्यात माझ्या लक्षात आले, की टानेनरोडे म्हटले की आता माझ्या डोळ्यांसमोर एर्हार्टचेच येते. खऱ्याची ओढ कुठेतरी वाटेतच उतरून गेली होती.

तो गेला त्याला दहा वर्षे झाली. लोक समजतात मी परसात बसते ती माहेर आठवत. तसे नाही. मी वाट बघत असते, की कोणीतरी डोके वर करून विचारेल, हे बरोबर आहे का गं. आता सांगते. सगळे बरोबर होते, एर्हार्ट. डावीकडे सरकवायचे काहीही नव्हते. तू आणखी थोडा वेळ बसावास म्हणून मी सांगायचे.

कलम ४. स्टेशनची इमारत, फलाट आणि स्टेशनमास्तरांची बाहुली सिग्रूनला द्यावी. ही बाहुली म्हणजे तिचे आजोबा, माझे वडील. त्यांचा एवढाच चेहरा तिला पाहायला मिळाला. ठेवायला जागा नसेल तर खिडकीत ठेवावी.

कलम ५. सगळी इंजिने, शेवाळी डब्यासह सगळे डबे, रूळ, सांधे, पूल, एर्हार्टची हत्यारे आणि माझे चामड्याचे शिलाई मशीन नुरहान आयदेमीर हिला द्यावे. नुरहान ही माझ्या कमरेचा व्यायाम घ्यायला घरी येणारी बाई. ती मला मावशी म्हणते. तिच्या भाषेतला शब्द वेगळा आहे, नाते तेच. शेवाळात बुडालेले रूळ खिडकीतून दिसले तेव्हा ती माझा पाय हवेतच धरून उभी राहिली. नंतर कळले, की तिनेही जुन्या बाजारातून एक इंजिन आणले होते आणि ते दर फेरीला रुळावरून पडत होते. तिने ते पिशवीतून आणून माझ्या मांडीवर ठेवले आणि रडवेली होऊन म्हणाली, "मावशी, मला जमणारच नाही हे."

तिला जे सांगितले ते इथेही लिहून ठेवते, म्हणजे पुढे तिच्याकडे कोणी नवशिका आला तर उपयोगी पडेल. सुरुवातीला एकच इंजिन आणि एक डबा पुरे. मोठे, चकचकीत काही घेऊ नये. पैसे घालायचेच तर मोठ्या वळणाच्या रुळांत घालावेत. इतकी मोठी गाडी अरुंद वळणावर रूळ सोडतेच. डबा हलका असेल तर तळाशी शिसे चिकटवावे. रंग देण्याआधी साबणाने धुवावे, नाहीतर बोटांच्या तेलकटपणाने रंग पोपडे धरतो. चकाकी गेली की खेळणे गाडीसारखे दिसू लागते. सकाळी गाडी सोडण्याआधी रूळ पुसावेत. रात्री गोगलगायी फिरतात आणि त्यांच्या चिकट्यावर दहा चाकांचे इंजिनही जागच्या जागी फिरत राहते. आणि डबा कोणाचा आहे हे आधी ठरवावे. ज्याचा डबा त्याला विचारून रंग द्यावा.

नुरहानचा डबा तिच्या आईचा, सबिहाबाईंचा होता. त्यांचे वडील तुर्कस्तानात सारीकामिशच्या बाजूला, बर्फाच्या डोंगरात, रेल्वेत सांधेवाला होते. आता सबिहाबाईंची आठवण विरत चालली आहे. रोज दुपारी त्या कोट घालतात, पर्स घेतात आणि लेकीला म्हणतात, मला गाडीत बसवून दे, घरी वाट बघत असतील. दार लावले तर दारावर मुठी मारतात. नुरहानला वाटले, गाडी दाराशी आणता आली तर?

ती वैतागायची. "आई डब्याचा रंग रोज वेगळा सांगते गं मावशी. काल निळा, आज तपकिरी. खरा कुठला धरू?"

"सांगताना हसते तो धर," मी म्हटले.

तो तपकिरी निघाला.

कलम ६. मॉडेल रेल्वे मंडळाचे अध्यक्ष श्री. बिटनर यांना काहीही देऊ नये. परसातले सगळे काचेच्या पेटीत ठेवून मंडळाच्या दिवाणखान्यात मांडायची त्यांची इच्छा आहे, आणि ती त्यांनी एर्हार्टच्या अंत्यविधीनंतर, तोंडात केकचा घास असताना, मला बोलून दाखवली. एर्हार्ट आणि मी मंडळात पहिल्यांदा गेलो तेव्हा याच गृहस्थांनी मला कॉफीचे यंत्र कुठे आहे ते दाखवले होते. ते यंत्र मंडळाकडे आहेच. तेवढ्यावर त्यांनी समाधान मानावे.

कलम ७. मला एर्हार्टशेजारी पुरावे. भाषण नको. नंतर सगळ्यांना गरम सूप द्यावे; थंडी असेल तर आल्याचे.

कलम ८. सिग्रूनला हे सगळे मी फोनवर सांगितले तेव्हा ती म्हणाली, "बाबांचं एवढं एकच उरलंय, आणि ते तू उखडून परक्यांना देणार?" तिचा राग खोटा नाही. त्याचे उत्तर फोनवर मावणारे नव्हते, म्हणून इथे देते.

गेल्या रविवारी नुरहानने तिच्या तळमजल्यावरच्या घरामागे पहिले वर्तुळ मांडले. रूळ आमचे होते. मी आणि तिने मिळून ते इथल्या मातीतून उपटून काढले. सिग्रून, उपटताना मला रडू येईल असे वाटले होते. आले नाही. रूळ धुतल्यावर पितळ आतून पिवळेधमक निघाले, तेव्हा आले.

दुपारी सबिहाबाई ठरल्याप्रमाणे कोट घालून दारात उभ्या राहिल्या. नुरहानने त्यांना खुर्चीत बसवले. मी शेजारच्या खुर्चीत. नुरहानने गाडी सोडली. तपकिरी डबा घेऊन इंजिन झुडपाआडून आले, आमच्या पायांपाशी हळू झाले आणि थांबले. सबिहाबाईंनी पर्स मांडीवर घट्ट धरली. रडल्या नाहीत, काही नाही. गावच्या फलाटावर बसावे तशा निवांत बसल्या. मग माझ्याकडे वळून काहीतरी विचारले.

"तुम्हाला कुठे उतरायचंय, असं विचारतेय," नुरहान म्हणाली.

मला टानेनरोडे म्हणता येईना. रोस्टालही म्हणता येईना. माणूस गेला की गाव आपल्या जागी राहत नाही, सिग्रून, हे तुला अजून कळायचे आहे आणि ते जितके उशिरा कळेल तितके बरे. मी नुसतीच मान हलवली. सबिहाबाई माझ्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी माझा हात आपल्या हातात घेतला, थोपटला, आणि त्या काय म्हणाल्या ते नुरहानने सांगितले नसते तरी मला कळले असते.

"मग काळजी कशाला करता? माझ्याबरोबर बसा. आमच्याकडे उतरा."

ऊन भिंतीवरून उतरेपर्यंत आम्ही दोघी तशाच बसलो होतो.

येथवर जे लिहिले ते मी पुन्हा वाचून पाहिले. खाडाखोड माझीच आहे. कायद्याला साक्षीदार लागत नाहीत असे वकील म्हणतात, पण म्हातारीचे डोके फिरले होते असे उद्या कोणी म्हणू नये, म्हणून दोघांच्या सह्या घेतल्या आहेत. यातले काही दोघांपैकी कोणालाही मिळणार नाही, आणि तरी दोघे आले.

स्थळ : रोस्टाल
दिनांक : १३ ऑक्टोबर २०१९

(सही) इर्मट्राउट शेलहॉर्न, माहेरची वेडेकिंड

लिहून देणारीने आमच्यासमोर, पूर्ण शुद्धीत, चष्मा दोनदा पुसून सही केली.

साक्षीदार :
१. (सही) क्रिस्टा लोईपोल्ड, शेजारीण
२. (सही) डॉ. एगोन वाइगल, घरचे डॉक्टर