मोटारखोली आणि तिच्याकडे जाणारी वाट

मी, श्रीमती सुभद्रा खुशालराव अकर्ते, वय एकोणऐंशी, तर्कशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, राहणार अचलपूर रस्ता, अमरावती, हे मृत्युपत्र कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, उलट बऱ्याच जणांच्या सांगण्याविरुद्ध, स्वहस्ते लिहून ठेवते. माझे चित्त शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. ज्यांना तो पुरेसा वाटणार नाही, त्यांनी पुढील कलमांत एखादी विसंगती दाखवून द्यावी. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. माझे राहते घर, अंगण आणि त्यामागचा झेंडू-शेवंतीचा मळा ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. ती, कलम ३ मधील भाग वगळून, माझा मुलगा गजेंद्र यास मिळावी. मळा त्याने माझ्यापेक्षा चांगला सांभाळला. फुलांशी तो कधी खोटे बोलला नाही.

कलम २. बँकेतील ठेवी गजेंद्र आणि त्याची मुलगी प्राजक्ता यांना निम्म्या-निम्म्या मिळाव्यात. गुलाब छाटायच्या माझ्या दोन्ही कात्र्या योगेशला द्याव्यात. तो सकाळी बाजारात आमचीच फुले विकतो आणि संध्याकाळी प्राजक्ताच्या बँडमध्ये ड्रम वाजवतो. दोन्ही कामे तो वेळेवर करतो. माझे दीर उत्तमराव यांनी एका दिवाळीत, प्राजक्ताचे गाणे ऐकून, पोरीच्या जातीने असे ओरडू नये, असे विधान केले होते. मी आधार विचारला. ते अजून शोधत आहेत. त्यांच्या सोयीसाठी माझी तर्कशास्त्राची सर्व पुस्तके त्यांना द्यावीत.

कलम ३. विहिरीजवळची मोटारखोली, वीजजोडणीसह, माझी नात प्राजक्ता हिच्या एकटीच्या मालकीची व्हावी. पंप नव्या बोअरवर गेल्यापासून तिथे तिचा बँड सराव करीत असे. भिंतींना जुन्या गाद्या आणि कापूस भरलेली पोती लावली आहेत. ती काढू नयेत. बँडचे नाव ‘सिंगल फेज’. मोटार चालत नाही, नुसता दिवा लागतो, अशा विजेवर ही मुले वाढली. नावाचे समर्थन मागितले तेव्हा प्राजक्ताने हेच सांगितले, आणि मी ते मान्य केले.

या कलमाचे कारण नोंदवणे आवश्यक आहे. गेल्या वैशाखात प्राजक्ताला मागणी घालायला पाहुणे आले. गजेंद्रने त्यांना सांगितले की पोरगी अकोल्याला परीक्षेचा अभ्यास करून राहिली. त्या वेळी ती मोटारखोलीत गात होती. पाहुण्यांनी हा आवाज कसला म्हणून विचारले. गजेंद्र म्हणाला, “थ्रेशर चालू हाय.” वैशाखात आमच्याकडे थ्रेशर चालत नाही, खोटे बोलतानाही हंगाम सांभाळावा. तोवर प्राजक्ता गाणे थांबवून पाणी प्यायला ओसरीवर आली होती, आत बसलेल्यांना ती दिसली नाही. तिने ते ऐकले. आठवड्याभरात ती खरोखरच अकोल्याला, बँडमधल्या गीतांजलीच्या खोलीवर राहायला गेली. गजेंद्रने मोटारखोलीला कुलूप लावले. तेव्हापासून बाप-लेकीचे बोलणे नाही.

गेल्या महिन्यात बँडची नवी रेकॉर्ड निघाली. मुंबईहून छापून आणलेली, काळी, थेट खुशालरावांच्या रेकॉर्ड प्लेअरवर लागणारी तबकडी. एक प्रत प्राजक्ताने योगेशबरोबर माझ्याकडे पाठवली. दोन्ही बाजू मिळून ती चहा निवायच्या आत संपते. माझ्या व्याख्यानाचे प्रास्ताविकसुद्धा याहून लांब असे. विद्यार्थ्यांना मी आयुष्यभर सांगत आले की आधी विधान करा, मग घसा खाकरा. हे ऐकणारे विद्यार्थी मला निवृत्तीनंतर, आणि माझ्याच घरात, भेटले.

दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या गाण्यात एकच ओळ आहे: “मले काहून लपोतं, बाबा?” ती प्राजक्ता घसा फाटेपर्यंत पुन्हा पुन्हा ओरडते. प्रथम मी हा पुनरुक्तीचा दोष मानला. दुसऱ्यांदा ऐकल्यावर माझे मत बदलले. ज्या प्रश्नाला उत्तर मिळालेले नाही, तो पुन्हा विचारणे हा दोष नव्हे.

गजेंद्र दारात उभा राहून ऐकत होता. म्हणाला, “आई, हे गाणं हाय का भांडन?”

मी म्हटले, “भांडणच आहे. पण मुद्द्याला धरून आहे.”

तो मळ्यात निघून गेला आणि पाणी दिलेल्या वाफ्यांना पुन्हा पाणी देत बसला.

कलम ४. मोटारखोलीकडे जाण्या-येण्याचा कायमचा हक्क प्राजक्ताला व तिच्या सोबत्यांना राहील. वाट फाटकातून, अंगणातून, गजेंद्रच्या ओसरीला लागून जाईल. ती कोणत्याही कारणाने अडवू नये. मळ्याच्या मागून वेगळी वाट काढता आली असती. शेवंतीचा एक ताटवा मोडावा लागला असता, असे कारण मी वकिलांना दिले. ते खरे आहे, पण अपुरे आहे. मागच्या वाटेने ती वर्षानुवर्षे येईल-जाईल आणि दोघांपैकी कोणालाही तोंड उघडावे लागणार नाही. पुढच्या वाटेने तिला रोज, गिटार खांद्याला लावून, बापाच्या खुर्चीसमोरून जावे लागेल, आणि घरी आलेल्या पाहुण्यांना ती दिसेल. बापाने काय करावे, यावर मी अट घातलेली नाही. अशी अट न्यायालयात टिकत नाही, आणि टिकली असती तरी घातली नसती.

कलम ५. या मृत्युपत्राच्या अंमलबजावणीसाठी माझी विद्यार्थिनी ॲड. मंजुषा हिला नेमते. कुलपाची किल्ली गजेंद्रकडे आहे. ती त्याने मंजुषाकडे न देता प्राजक्ताच्या हाती द्यावी.

कलम ६. माझ्या मालकीचे जे जे होते ते वरील कलमांत संपले. प्राजक्ताच्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मालकीचे नाही, म्हणून ते मला कोणाच्या नावे करता येत नाही. ते गजेंद्रकडे आहे. त्याने ते मृत्युपत्राने देऊ नये.

वरील मजकूर मी वाचून पाहिला. खाडाखोड नाही. खालील दोघांसमोर मी सही केली आणि माझ्यासमोर त्यांनी केली.

सही: सुभद्रा खुशालराव अकर्ते

साक्षीदार:
१. देवराव पुंजाजी बोबडे, शेजारी
२. शकुन सूर्यभान राऊत, निवृत्त मुख्याध्यापिका, अकोला

स्थळ: अमरावती
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५