नव्या जिल्ह्याचा शिक्का

आप्पा,

तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली तरी माझा राग गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. तुमचं नाव निघालं की लोक अजून हात जोडतात, असा कारकून पुन्हा होणार नाही म्हणतात. मी मान हलवते आणि आतल्या आत जळते. त्यांना काय जातंय म्हणायला! त्यांचे दाखले वेळेत मिळाले.

लातूर नवा जिल्हा झाला आणि पाठोपाठ पावसानं दडी मारली, तेव्हाची गोष्ट. मी बारावीला. सकाळी प्रॅक्टिकल, सुट्टीच्या दिवशी प्रकल्प म्हणून विहिरींचं पाणी दोरीनं मोजायचं, आणि दुपारी कार्यानुभवाला तुमचीच तहसील कचेरी. तुमचे दोन जोडीदार टँकरच्या कामाला जुंपलेले, म्हणून दाखल्यांचे अर्ज तारखेप्रमाणे लावायचं काम माझ्याकडं आलं. परीक्षा झाली, निकाल लागला, तरी मी येतच राहिले. कामाच्या पहिल्याच आठवड्यात मैत्रिणीच्या भावाचा अर्ज मी गठ्ठ्यात वर सरकवला, तर भर कचेरीत केवढ्यानं ओरडलात! "रांग म्हंजे रांग! आपल्या वस्तीतून या खुर्चीवर बसलेला पयला माणूस हाय मी. उद्या बोट दाखवतील ते एकट्या मला न्हाई." शिपाई दारातून बघत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मला नांदेडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात जायचं होतं. मार्क होते, हौस होती, पेटी कोणती न्यायची तेसुद्धा मी ठरवून टाकलं होतं. आणि फॉर्म परत आला. का, तर रहिवासी दाखल्यावर जुन्या जिल्ह्याचा शिक्का, नव्या जिल्ह्याचा आणा. आपण काही घर हलवलं नव्हतं, जिल्हाच हलला होता, पण ते सांगणार कुणाला? मी अर्ज लिहून तुमच्या टेबलावर ठेवला. तुम्ही वाचलात, नंबर टाकलात आणि मलाच परत दिलात. "लाव," म्हणालात. मी लावला, सगळ्यांच्या खाली, माझ्याच हातानं. तहसीलदार साहेब टंचाईच्या दौऱ्यावर, आठवड्यातून एकदा सह्यांना बसणार, तेही तासभर. मी रोज तो गठ्ठा सोडते, परत बांधते आणि तुमच्याकडं बघते. तुम्ही मान वर करत नाही.

आणि मग मुरूडकडची ती बाई आली. उन्हानं तोंड करपलेलं, पदरात कागद गुंडाळलेला, सोबत माझ्याच वयाची पोरगी. साहेब उठायच्या बेतात होते. बाई तुमच्या टेबलाला धरून उभी राहिली. "उद्या शेवटची तारीख हाय वो साहेब. माझ्या पोरीचं वरीस जाईल." झालं! तुम्ही उठलात. माझ्या डोळ्यांदेखत रांग बाजूला ठेवून तिचा कागद स्वतः आत नेलात, सही आणलीत, शिक्का मारलात. शाई वाळावी म्हणून वर फुंकर घातलीत. त्या पोरीला माठातलं पाणी दिलंत, आप्पा. माझा अर्ज तिथंच, हातभर अंतरावर.

मला त्या पोरीचा राग नाही. तुमचा आहे. परक्याच्या लेकीसाठी तुमचा कायदा वाकला आणि स्वतःच्या लेकीसाठी लोखंडाचा झाला. कुणी बोट दाखवायचं राहिलं असेल तर ते मी दाखवते, हे घ्या. वर्ष गेलं माझं. पुढच्या सालाला पुन्हा भर म्हणालात, तेव्हा मी तुमच्याकडं पाठ फिरवून बसले. लातुरातच बी.एस्सी. केलं, शाळेत गणित शिकवलं, पोरं नांदेडला धाडली, पुण्याला धाडली. वाईट काही झालं नाही. पण तुम्ही आजारी पडलात तेव्हा उशाशी बसूनसुद्धा मी तुमच्याशी धड बोलले नाही, आणि तुम्हाला वाटलं, पोरगी दमलीय.

हे आईलासुद्धा कधी सांगितलं नाही. त्या बाईची शेवटची तारीख तीच माझीही होती. मी ती तुमच्यापुढं एकदाही काढली नव्हती. अर्जात लिहिली नव्हती, तोंडानं बोलले नव्हते. म्हटलं, बापाला कळायला नको का? त्या संध्याकाळी जेवताना भाकरी मोडता मोडता तुम्ही विचारलंत, "तुझ्या कागदाची घाई न्हाई ना गं?"

मी ताटातच बघत "न्हाई" म्हणाले.