चालवणाऱ्याची मापं

३ मार्च

ती. आत्यास,

शि. सा. न. वि. वि. यातली विनंती या वेळी नुसती रीत म्हणून नाही, खरीच आहे. ती खाली येईल.

गाड्यांच्या शोरूममधलं माझं काम तुला ठाऊक आहे. गिऱ्हाईक पटवायचं काम दुसऱ्यांचं. त्यानं मागितलेली एकेक गोष्ट कारखान्याच्या फॉर्ममध्ये बिनचूक भरायची, एवढं माझं. नोंद बंद झाली की मग एक स्क्रूसुद्धा बदलता येत नाही. म्हणून मी प्रत्येक फॉर्म तीनदा वाचते आणि बाकीचे मला हसतात.

सध्या मात्र ते काकांना हसताहेत. काका तीन शनिवार येताहेत. पहिल्या शनिवारी त्यांनी प्रत्येक गाडीच्या दारावर टकटक करून पत्रा पातळ असल्याचं मॅनेजरना सुनावलं, जणू मॅनेजर तो घरी लाटतात. दुसऱ्या शनिवारी सीटच्या शिवणीच्या धाग्याचा रंग ठरवायला पावणेदोन तास घेतले. जांभळा हवा, पण वांग्याचा नको, अधिकाऱ्याला शोभेल असा हवा. तो कसा असतो हे विचारायची माझी छाती झाली नाही. आता सगळे त्यांना ‘धागेवाले साहेब’ म्हणतात. ते माझे सख्खे काका आहेत हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. याची लाज वाटते. त्यांची की माझी, ते ठरत नाही.

गाडी मुळात काकूसाठी घ्यायची ठरली होती. शस्त्रक्रियेनंतर तिच्या उजव्या पायाला पेडल दाबायचा जोर राहिला नाही. शाळेत जाऊ न शकणाऱ्या मुलांना ती घरोघर गाडीनं जाऊन शिकवायची. मी तिची पहिली विद्यार्थिनी. अकरा वर्षांची होईपर्यंत अक्षर, गणित, खरं बोलणं, सगळं मी तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिकले. तिच्याकडे तशी नऊ घरं होती. गेली दोन वर्षं काका सोडतील तेव्हा ती जाते, आणि काका कधी वेळेवर सोडत नाहीत. नवांतली दोन उरली. त्यातल्या एका घरानं आता कळवलंय, की वेळ पाळता येत नसेल तर पुढच्या सत्रापासून नको.

आमचा कारखाना हातानं चालवायची गाडी बनवून देतो. ब्रेक आणि वेग, दोन्हींचा दांडा स्टेअरिंगशेजारी असतो. तो नंतर बसवता येत नाही, बनतानाच बसवावा लागतो. त्यासाठी चालवणाऱ्याची मापं पाठवतात. मी स्वतः टेप घेऊन काकूकडे गेले. ती फोटो काढायचा असल्यासारखी ताठ बसली होती आणि दर आकड्याला पुन्हा मोज म्हणत होती.

तिसऱ्या शनिवारी काकांनी काचेचं छप्पर आणि स्पोर्ट पॅकेज घेतलं. त्यातली सीट खोल आणि स्टेअरिंग जाड असतं, त्यामुळे दांड्याला जागा उरत नाही. मी ते टाकताच फॉर्मनं दांडा आपोआप खोडला. मी काकांना दाखवलं. त्यांचं म्हणणं, हातानं गाडी चालवणं म्हणजे सर्कस, आणि सोडायला ते आहेतच. काकूला ते सांगतील, मी मध्ये तोंड घालू नये.

त्यांनी सांगितलेलं नाही. परवा काकूनं मला विचारलं की दांड्याची मूठ रबरी असते की प्लॅस्टिकची. मी रबरी म्हटलं आणि पळाले.

एकवीस तारखेला नोंद बंद होते. इकडचं तिकडे सांगू नये, हे मला काकूनंच शिकवलंय. मी काय करू ते कळव, हीच ती विनंती.

तुझीच,
रात्रंदिवस घोर लावून बसलेली भाची


९ मार्च

चि. शंकासुर हिस,

अनेक आशीर्वाद. त्यातले दोन-चार धीर यावा म्हणून जास्तीचे.

तुझ्या काकाबद्दल तू मला नवीन काही सांगितलं नाहीस. त्याला सायकल घेतली तेव्हा त्यानं तिला आधी घंटा लावली, मग दोन आरसे, मग मुठींना झिरमिळ्या, आणि महिनाभर ती हातात धरून गल्लीतून फिरवली. चालवायला शिकले मी. मला येऊ लागली त्या दिवशी तिला कुलूप लागलं. तेव्हा आठ वर्षांचा होता म्हणून सोडून दिलं. आता अठ्ठावन्नचा आहे, अक्कल मात्र अजून झिरमिळ्यांतच अडकलीय.

पण तुझाही मला राग आलाय. रबरी म्हणून पळालीस? चहाडी नको म्हणतेस, बरं, नको करूस. आणि खोटं बोललेलं चालतं वाटतं? काकूनं तुला दोन्ही शिकवलं असणार. तू तेवढं सोपं ते लक्षात ठेवलंस.

भाचीचे-पुतणीचे धर्म राहू देत. तू तिथे नोकरीला आहेस ना? तिची मापं तू नातेवाईक म्हणून घेतलीस की कारकून म्हणून? कारकून म्हणून घेतली असशील तर त्या कागदाचं पुढे काय करायचं याचा काही नियम असेलच. फॉर्म तीनदा वाचतेस, नियमांचं पुस्तक एकदा वाच.

माझे गुडघे बरे आहेत. विचारलं नाहीस म्हणून सांगते.

लोभ आहेच, तो तुझ्या वागण्यावर ठेवलेला नाही.

आत्या


१९ मार्च

ती. आत्यास,

शि. सा. न. वि. वि. गुडघ्यांचं विचारायचं राहिलं, चूक झाली. आता विचारते.

नियम सापडला, पान चौसष्ट. चालवणाऱ्याची मापं घेतल्यावर ती सोय रद्द झाली, तर मापांचा कागद ज्याची मापं त्याला परत करायचा, रद्द होण्याचं कारण लिहायचं आणि पोच म्हणून सही घ्यायची. मी मॅनेजरना विचारलं. ते म्हणाले, हे कुणीच करत नाही, असले कागद ते स्वतः कचऱ्यात टाकतात. मी म्हटलं, मग मी केलं तर चालेल का? तर म्हणाले, वेळ जात नसेल तर कर.

मंगळवारी कामाच्या वेळात गेले, शोरूमचा बिल्ला लावून. काकू त्याच टेबलाशी वह्या तपासत होती. आधी मी सांगून टाकलं की मूठ रबरी म्हणाले ते खोटं होतं. मग कागद पुढे ठेवला. तिनं तो वही वाचावी तसा वाचला, बोट ठेवून, कारणाच्या रकान्यापर्यंत. तिथे मी फॉर्ममधले शब्द जसेच्या तसे लिहिले होते: ग्राहकाची पसंती.

बोट तिथेच ठेवून तिनं विचारलं, “यातला ग्राहक कोण?”

मी म्हटलं, काका.

तिनं सही केली, खाली तारीख घातली. बाहेरच्या खोलीत काका फोनवर कुणाला तरी काचेच्या छपरातून चांदणं कसं दिसेल ते सांगत होते. तो आवाज चालू असतानाच पुढचं सगळं झालं. तिनं विचारलं की आमचा कारखाना सगळ्यात लवकर कोणती गाडी देतो. मी म्हटलं, लहानातली लहान, रंगाचा हट्ट नसेल तर दोन महिन्यांत. तिनं मापांचा कागद माझ्याकडे परत सरकवला आणि म्हणाली, नवा फॉर्म काढ, यातला ग्राहक मी.

रंगाच्या रकान्यात काय लिहू विचारलं, तर म्हणाली की उरलेला असेल तो लिही. पैसे तिचे स्वतःचे आहेत. काल नोंद गेली. यात मी चहाडी केली की नाही यावर मला दोन रात्री झोप नाही. तू केली नाही म्हणशील, पण तू मला रागावतेसही लगेच, म्हणून तुझं धरून चालता येत नाही.

तुझ्या रागालोभाची,
भाची


२७ एप्रिल

ती. ताईस,

शि. सा. न. तब्येत ठीक असेलच, तुला काय होणार.

तुझ्या भाचीनं काय केलं ते तुझ्या कानावर आलं असेल, किंवा तुझ्याच तोंडून निघालं असेल. मी काही म्हणत नाही. माझ्यासारख्या माणसाच्या घरासमोर एक डबी उभी राहणार आहे. रंग मोहरीसारखा पिवळा. कुणीच घेत नाही तो म्हणून उरला होता, असं ही अभिमानानं सांगते. मी समजावलं की माझी गाडी आली की हिला राणीसारखी फिरवीन. तर म्हणते, मला फिरायचं नाही, जायचंय.

माझी गाडी लांबली. तो जांभळा धागा संपलाय, आणखी पाच महिने लागतील. मी दुसरा धागा घेणार नाही. माणसाला तत्त्वं असतात. जुनी मी विकून बसलो, त्यामुळे सध्या बसनं जातो. ऑफिसात सांगितलंय की डॉक्टरांनी चालायला सांगितलंय.

ही मेच्या मध्याला गाडी आणतेय. दोन वर्षं स्टेअरिंगला हात नाही, आणि आता हातानंच सगळं करणार! पहिल्या दिवशी गेटसुद्धा ओलांडणार नाही. मी रजा टाकून खिडकीत उभा राहणार आहे. तू तिला पत्र लिहून शहाणपण शिकव. माझं ऐकत नाही.

कृपा असू दे, निदान दिसायला तरी.

तुझा धाकटा भाऊ


१४ मे

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद. हे पत्र विद्यार्थिनीच्या घराबाहेर गाडीत बसून लिहितेय, अक्षर वाकडं आहे. गुण कापू नकोस.

सकाळी साडेसातला गाडीत बसले. दांडा पुढे ढकलला की थांबते, खाली ओढला की चालते. तुमच्या माणसानं काल दहादा करून घेतलं होतं, तरी आज मी हिसका देऊन ओढत होते. गाडी दोन हात गेली आणि गचकन थांबली. पुन्हा तेच. तुझे काका खिडकीत उभे होते, चहाचा कप घेऊन. मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले. वीस मिनिटं. खरं सांगते, उतरून आत जावं असं फार वाटलं.

मग ते खाली आले. काचेवर टकटक करून गोड आवाजात म्हणाले की झाली ना हौस, चल, रिक्षा बघतो, मी सोडतो तुला. इतके खूश मी त्यांना लग्नातही पाहिले नव्हते. मी दांडा ओढला. गेट कसं ओलांडलं ते आठवत नाही, पण ओलांडलं, कारण आरशात ते गेटच्या आत उभे होते, कप घेऊन.

पोचले तेव्हा विद्यार्थिनी वह्या मांडून, घड्याळ समोर ठेवून बसली होती. तिला आम्ही वकीलबाई म्हणतो. नऊ वर्षांची आहे. पंचवीस मिनिटं झाली म्हणाली. सवयीनं माझ्या तोंडावर आलं की यांना निघायला उशीर झाला. पण आज कुणी ‘हे’ नव्हते. मी म्हटलं, उशीर मला झाला, चूक माझी. तिनं वहीत माझ्या नावापुढे लाल फुली मारली आणि मला दाखवली.

फार दिवसांनी माझी स्वतःची चूक झाली, बाळ. उद्या सव्वासातला निघेन.

आहेस तशीच राहा, आणि मला धरून राहा.

तुझी काकू