हात वर करणारा पोरगा

कावासाकी,
रविवार, १६ मार्च २०२५

तीर्थस्वरूप विनायकमामांना,

सारंगचा वाकून नमस्कार. (इथे सगळेच उठता-बसता वाकतात, त्यामुळे वाकण्याला भाव राहिलेला नाही. तरी हा नमस्कार आपल्या पद्धतीचा, पार जमिनीपर्यंतचा समजावा.) तुमची शुगर, जयमालामामींचे गुडघे आणि अंगणातली एक पाय विटेवर टेकवलेली तुमची खुर्ची, सगळे आपापल्या जागी ठीक असतील अशी आशा आहे. पाकीट हातात पडल्यावर तुम्ही ते आधी उलटंसुलटं करून बघाल, कारण एकवीस वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिलेली नाही. तुम्ही मोबाइलवर रोज सकाळी फुलांचा गुच्छ पाठवता, मी त्याखाली जोडलेले हात पाठवतो, आणि दिवाळीला फोन केला की तिसऱ्या वाक्याला आपण फोन मामींच्या हातात देतो. एवढ्यावर आपलं बरं चाललं होतं. पण आता काम असं निघालं आहे की ते गुच्छाखाली मावणार नाही.

आधी घरचं सांगतो. मिताली आणि कादंबरी गेल्या जूनपासून पुण्यात आहेत, हे आईने तुमच्या कानावर घातलं असेलच. कादंबरीला नववं लागलं होतं, आणखी उशीर केला तर तिला तिकडची शाळा जड जाईल, मितालीला तिकडे नोकरीही चांगली मिळत होती, आणि माझं कंत्राट संपायला अजून दोन वर्षं होती. सगळं शहाणपणाचं होतं आणि मीच हो म्हणालो होतो. गंमत म्हणजे इथे असताना आम्ही मराठीत विचारलं की जपानीत उत्तर देणारी ही पोरगी तिकडे गेल्यावरही फोनवर माझ्याशी जपानीच बोलते. का, तर चुलत भावंडांना कळू नये. मलाही त्यातलं निम्मंच कळतं, पण तिचा विरस नको म्हणून मी हो-हो करत राहतो. परवा बहुधा मी तिला कुत्रा पाळायची परवानगी दिली आहे. मितालीने अजून काही विचारलेलं नाही.

शनिवार-रविवार शांत जातात. कोपऱ्यावरच्या कोन्बिनीत (म्हणजे चोवीस तास उघडं असणारं वाण्याचं दुकान समजा) गल्ल्यावरची बाई पिशवी हवी का म्हणून विचारते. माझ्या खिशात पिशवी असते, तरी मी हवी म्हणतो. नको म्हटलं तर बोलणं तिथेच संपतं, हवी म्हटलं तर मोठी की लहान हेही विचारावं लागतं. आता घरात पिशव्यांचं एक कपाट झालं आहे, आणि त्या टाकायच्या तर प्लास्टिकचा वार बुधवार, त्या दिवशी नेमकी मला लवकरची गाडी. ग्योतोकुला आपली मराठी मंडळी पुष्कळ आहेत. पण तिथे गेलं की वहिनी कधी येणार असं प्रत्येक जण विचारतो आणि पोटभर वाढतो, आणि परतीच्या गाडीत ते जेवण आणि तो प्रश्न दोन्ही अंगावर येतात. म्हणून हल्ली जात नाही.

नोकरीचं मात्र विचारू नका. म्हणजे विचारा, कारण त्यातच तुम्ही येता. आमची कंपनी अमेरिकेतल्या एका कंपनीसाठी फुटबॉलचे व्हिडिओ तपासून देते. हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. डोक्यावर शिरस्त्राण, अंगाला चिलखत, लांबट चेंडू काखेत मारून एकाने पळायचं आणि समोरच्या अकरा जणांनी त्याला आडवा पाडायचं, तो. दर एप्रिलच्या अखेरीस तिकडचे बत्तीस व्यावसायिक संघ कॉलेजातली पोरं एकेक करून उचलतात. त्याआधी प्रत्येक पोराची कुंडली मांडली जाते, आणि त्यातल्या बचावाच्या एकशे शहाऐंशी पोरांच्या कुंडल्या आमच्याकडे आल्या. खरं तर त्या मांडायच्या होत्या माझ्या प्रोग्रॅमने. पण त्याला पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घातलेला पंचही खेळाडूच वाटायचा. एका सामन्यात त्याने पंचांनाच सर्वोत्तम बचावपटू ठरवलं, तेव्हा आमचे साहेब ओगावा-सान म्हणाले की हे माणसाने बघितलं पाहिजे. कोणता माणूस, हे ठरवायला सगळ्यांचे बायोडेटा काढले, आणि माझ्या बायोडेटात छंदांच्या रकान्यात एक ओळ सापडली: कबड्डी, जिल्हा संघ.

इथे तुम्ही चष्मा काढून पुसाल. पुसा. जिल्हा संघाच्या निवडीला मी आलो होतो, निवड समितीचे सचिव तुम्ही होतात, आणि तुम्ही मला घेतलं नव्हतं. पण पुण्यातल्या पहिल्या नोकरीच्या वेळी तो रकाना रिकामा दिसत होता, आणि तेव्हापासून ती ओळ एका बायोडेटातून दुसऱ्यात चालत कावासाकीपर्यंत आली. ओगावा-साननी इंटरनेटवर कबड्डी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा कबड्डी पाहिली. (माझं पोट आता थेट तुमच्यासारखं झालं आहे. आई म्हणते, घराण्याचं आहे.) नववर्षाच्या पार्टीत मला प्रात्यक्षिक करायला लावलं. मी ओगावा-सानचा घोटा धरला. ते अतिशय नम्रपणे खाली पडले, उठून त्यांनी माझे आभार मानले, आणि दुसऱ्या दिवसापासून मी कंपनीचा तज्ज्ञ झालो.

मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. बचाव म्हणजे तुम्ही तालमीमागच्या मैदानावर शिकवलात तेवढाच. म्हणून पहिल्या अहवालात मी एका नामांकित कॉलेजाच्या फळीत गंभीर दोष काढला: अकरा जण उभे असूनही एकानेही शेजाऱ्याचा हात धरला नाही, संघात एकोपा नाही. तुम्हीच सांगायचात ना, साखळी सुटली की चढाईवाल्याला दार उघडलं म्हणून. तो अहवाल आधी जपानीत आणि मग इंग्रजीत होऊन अमेरिकेला गेला. आमच्या खेळात हात धरत नाहीत, एवढंच उत्तर तिकडून आलं. इथेही कोणी धरत नाही, पण ते ओगावा-सानना सांगण्यासारखं नव्हतं.

मग मला तुमची लाल बांधणीची वही आठवली. नाव, वजन, दम, पकड आणि शेवटी शेरा. मी तसेच रकाने आखले आणि कामाला लागलो. एका दांडग्याबद्दल तुमचाच शेरा चिकटवला, पाय चांगले, डोकं घरी. त्यावर ओगावा-साननी काळजीने विचारलं की त्याला डोक्याची काही दुखापत आहे का. दुसऱ्याबद्दल लिहिलं की आईचा लाडका दिसतो, थंडीत खेळणार नाही, आणि मामा, डिसेंबरच्या बर्फातल्या सामन्याचा व्हिडिओ नंतर उघडला, तर त्यात तो खरंच पोट दुखतंय म्हणून बसलेला. त्या दिवशी ऑफिसात सगळ्यांनी माझ्याकडे वळून मान लववली. तुम्हाला हे सांगावंसं फार वाटलं होतं. फोन हातात घेतला, मग गुच्छाखाली जोडलेले हात पाठवले.

आता मुद्द्याचं. या एकशे शहाऐंशी पोरांत एक आहे एक्केचाळीस नंबरचा. लहानसं कॉलेज, उंची बेताची, सगळ्यात मागे उभा राहणारा, म्हणजे आपला शेवटचा गडी. एका सामन्याच्या अगदी शेवटी चेंडू उडाला आणि याने सूर मारून छातीशी धरला. पंचांनी झेल दिला, सगळा संघ नाचायला लागला. हा उठला, मान हलवली आणि एक हात वर करून दुसऱ्याने जमिनीकडे बोट दाखवलं. चेंडू आधी गवताला लागला होता. पंचांनी निर्णय फिरवला, याचा संघ हरला. माझ्या प्रोग्रॅमने त्याचा झेल आणि गुण दोन्ही कापले. मी तो व्हिडिओ अकरा वेळा पाहिला. हात वर करणारा पोरगा घ्यावा, बाकीचं शिकवता येतं, हे तुमचं वाक्य मला पाठ आहे. पुढच्या चारही सामन्यांत तो बाकाच्या टोकाला एकटा बसलेला दिसतो, कॅमेरा भलतीकडे असतो आणि हा कोपऱ्यात अर्धाच येतो. कोणी त्याच्याशी बोलत नाही. मी रोज सकाळी आल्यावर त्याचा व्हिडिओ लावतो आणि काय रे, जेवलास का, असं विचारतो. (मराठीतच. आजूबाजूच्यांना वाटतं मी कामाचं बोलतो आहे.)

त्याच्यासाठी मी तक्त्यात एक नवा रकाना वाढवला, हात वर. आणि इथेच घोटाळा केला. आपल्याकडे रकाना वाढवला तर फार तर तो रिकामा राहतो. इथे तक्त्यात रिकामी चौकट म्हणजे घरात उघडं पडलेलं गटार. ओगावा-साननी रकाना कसा भरावा याची चार पानी नियमावली केली, आणि मी सहा आठवडे एकशे शहाऐंशी पोरांत प्रामाणिकपणा शोधत बसलो. चौघांनी हात वर केलेला सापडला. त्यातला एक पाणी मागत होता.

एक्केचाळीसला मी वरच्या श्रेणीत घातलं आहे. अमेरिकेतून विचारणा आली, हा रकाना काय आहे आणि ही श्रेणी देणाऱ्याची पात्रता काय. पात्रतेचा कागद दहा एप्रिलच्या आत मिळाला तर माझी श्रेणी राहील, नाहीतर प्रोग्रॅमची लागेल, आणि प्रोग्रॅमच्या हिशोबात तो शेवटून विसावा आहे. तर किरकोळ काम एवढंच: सारंग याने २००४ साली जिल्हा संघातून कबड्डी खेळली, असं दोन ओळींचं पत्र द्यावं. समितीचा जुना शिक्का तुमच्या कपाटात औषधांच्या डब्यामागे आहे, असं आई म्हणते. इथे शिक्क्याशिवाय पान हलत नाही, या बाबतीत हा देश अगदी आपला वाटतो. पत्राचा फोटो मामी मोबाइलवर पाठवतील. पोराच्या भल्याचा प्रश्न आहे. मामींना नमस्कार, आणि खुर्चीखालची वीट कधीतरी बदला.

आपला भाचा,
सारंग

ता. क. (मंगळवार): पाकीट बॅगेतच राहिलं होतं, ते पुन्हा उघडलं. प्रमाणपत्र पाठवू नका. काल सकाळी एक्केचाळीसला जेवलास का विचारलं आणि त्याच्याकडे बघवेना. हात वर केला म्हणून ज्याला वर चढवायचं, त्याच्यासाठी मी खोटा शिक्का मागतो आहे. ओगावा-सानच्या टेबलाशी गेलो आणि मी जिल्ह्यातून कधीच खेळलेलो नाही, मला घेतलं नव्हतं, असं सांगून टाकलं. त्यांनी दातांतून हवा आत ओढली. (इथे त्याचा अर्थ प्रकरण अवघड आहे असा होतो.) मग ते म्हणाले, "सारंग-सान, तर मग आपण तसंच लिहू. जिल्हा निवड चाचणीत सहभाग, निवड झाली नाही." मी आभार मानून वळलो, तर मागून म्हणाले, "पण त्याचाही कागद लागेल." तेव्हा काम तेच आहे, फक्त उलटं झालं आहे. मला घेतलं नव्हतं याचा पुरावा पाठवा.

ता. क. दुसरा: लाल वही तुम्ही टाकली नसणार. २००४, मे महिना, क्रमांक अकरा. ओगावा-सानना नाव आणि त्यापुढची फुली पुरेशी आहे. शेऱ्याचा रकाना त्यांना वाचता येणार नाही. तो मला हवा आहे. शेवटच्या चढाईत त्या तासगावच्या पोराची बोटं माझ्या टाचेला लागली होती. त्याने गुण मागितला, पंचांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी गुडघ्याची माती झटकत राहिलो. पंचांनी गुण दिला नाही. तुम्ही लिंबाखाली खुर्चीवर होतात. तुम्ही ते पाहिलंत का, हे मला आजवर कळलेलं नाही. मला घेतलं नाही म्हणून मी अबोला धरला असं आई सगळ्यांना सांगते. राग कधीच नव्हता, मामा. तुम्ही विचाराल अशी भीती होती. लागली होती. हात वर करतो आहे, उशीर झाला तरी.

ता. क. शेवटचा: पानाचा फोटो मामी पाठवतीलच, पण शेरा तुम्ही फोनवर वाचून दाखवलात तर बरं. इथलं घड्याळ साडेतीन तास पुढे असतं, ते मोजत बसू नका, रविवारी मी दिवसभर घरीच असतो. फक्त तिसऱ्या वाक्याला फोन मामींच्या हातात देऊ नका.