शंकेचा रकाना

सोमवार, १६ तारीख

आदरणीय ताईस,

ख्रिस्तात सप्रेम सलाम. मी, तुझी भावजय आणि तुझी भाची असे तिघेही शरीराने ठीक आहोत. तिघांपैकी दोघे गेले काही आठवडे एकमेकांशी जेवढ्यास तेवढे बोलत होते, त्याचा खुलासा पुढे येईल. तुझ्या गुडघ्याचे कळव. मागच्या पत्रात तू ‘गुडघा आता बरा आहे’ एवढेच लिहिलेस. डावा की उजवा याचा उल्लेख नव्हता, आणि दुखत दोन्ही होते. फोन न करता पत्र लिहितो आहे याचे कारण तुला माहीत आहे. फोनवर तू मला दुसऱ्या वाक्याला अडवतेस, आणि हा मजकूर दोन वाक्यांत मावणारा नाही.

मूळ मुद्दा आधी सांगतो, म्हणजे वाचताना तुझी घालमेल होणार नाही (माझी गेले दहा दिवस होत आहे). आमच्या मंडळीचा तरुण संघ दर शनिवारी पाच वाजता चर्चच्या मागच्या खोलीत जमतो. ती खोली काढून घेऊन तिथे जादा खुर्च्या ठेवाव्यात असा प्रस्ताव पंचमंडळीपुढे आहे. येत्या शनिवारी त्या खोलीत किमान बारा जण हजर नसतील, तर प्रस्ताव मंजूर होईल. खोली गेली की संघ गेला, कारण पवित्र शास्त्र उघडून एकत्र बसायला या मुलांना दुसरी जागा नाही. कोणी वसतिगृहात राहते, तर कोणाच्या घरी एका खोलीत पाच माणसे. आणि ज्याच्या हातात असताना संघ गेला, तो गृहस्थ म्हणून माझे नाव कायमचे इतिवृत्तात राहील.

आता हे माझ्या हातात आले कसे, ते सांगतो. आधीचे संघप्रमुख बदली होऊन गेले, तेव्हा आमचे पाळक (वय बत्तीस, स्वभाव इतका मऊ की दोन माणसे विरुद्ध गोष्टी सांगत असली तरी दोघांनाही हो म्हणतात) माझ्याकडे आले आणि म्हणाले, “तुमच्यासारखा शिस्तीचा माणूस हवा.” या वाक्याला मी आयुष्यात कधी नाही म्हणू शकलेलो नाही. औषधांच्या गोदामात सव्वीस वर्षे काढलेल्या माणसाने शिस्त आणायची म्हणजे कशी, तर गोदामातलीच. आमच्याकडे प्रत्येक फळीला एक कार्ड लटकवलेले असते, त्याला बिनकार्ड म्हणतात. माल कधी आला, कधी गेला, शिल्लक किती, हे त्यावरून फळीपुढे उभे राहिल्या राहिल्या समजते. मी सतरा मुलांची सतरा बिनकार्डे केली, अठरावे माझे केले (प्रमुखाने उदाहरण घालून द्यावे), आणि खोलीच्या भिंतीवर अठरा खिळ्यांना सरळ रेषेत टांगली. रकाने पाच : तारीख, नेमलेला भाग, वाचल्याची खूण, शंका, आणि शिल्लक अध्याय. शंकेचा रकाना मुद्दाम अरुंद ठेवला, कारण शंका मुद्देसूद असावी असे माझे मत होते.

शास्त्रात एकूण अकराशे एकोणनव्वद अध्याय आहेत. त्यांना तीनशे पासष्टने भागले की रोजचे सव्वातीन येतात आणि वर्षअखेर पावणेतीन उरतात. ते उरलेले मी शेवटच्या रविवारी दुपारी टाकले. गणित चोख होते. अडचण पाव अध्यायाने केली. पहिल्या दिवसाचा पाव अध्याय संपतो तेव्हा थोरला भाऊ धाकट्यावर चिडून तोंड पाडून उभा आहे, आणि त्याने पुढे काय केले हे कळायला दुसरा दिवस उजाडावा लागतो. दुसऱ्या दिवशी जग नष्ट करायचे ठरते, पण तारू बांधायची आज्ञा तिसऱ्या दिवसावर जाते. संघात एक तरुण वायरमन आहे, दिवसभर शिडीवर असतो. तो मला रस्त्यात गाठून म्हणाला, “काका, मी कालपासून जग बुडायच्या बेतात ठेवून कामावर जातोय. जरा पुढचं वाचलं तर चालेल का?” मी चालणार नाही म्हणून सांगितले. उद्याचा माल आज सोडत नाहीत, हेही समजावून दिले. तो शिडी खांद्यावर घेऊन गेला.

दुसऱ्या आठवड्यात सतराचे चौदा झाले, तिसऱ्यात अकरा. कारणे मी प्रत्येकाकडून लेखी मागवली. (तुझी भावजय म्हणाली, “घरातही एक कार्ड लावा, म्हणजे माझी किती शिल्लक आहे ते मलाही कळेल.” मी तिकडे दुर्लक्ष केले.) तिसऱ्याच आठवड्यात घडलेली एक गोष्ट तुला सांगायला मला जड जाते, पण वगळली तर हिशेब खोटा होईल. संघात परिचारिकेचे शिक्षण घेणारी एक मुलगी आहे. सगळे तिला सिस्टर म्हणतात. या गावात तिचे कोणी नाही. ड्युटी संपली की वॉर्डातून थेट येते. तिने शंकेच्या रकान्यात बारीक अक्षरात लिहिले होते की, आपल्या हाताखालचा रुग्ण दगावतो त्या दिवशी काय वाचावे. त्याखाली मी लाल शाईने शेरा मारला : ‘वेळापत्रकाप्रमाणे.’ पुढचे तीन शनिवार ती आली नाही. चौथ्या आठवड्यात तुझी भाचीही थांबली. जाताना म्हणाली, “बाबा, तिथे मी तुमची मुलगी नसते. सतरावी फळी असते.” तेव्हापासून घरात मीठ कुठे आहे एवढेच आम्ही बोलत होतो.

मुळात ही बाराची तपासणी परवाच्या शनिवारी, म्हणजे चौदा तारखेलाच होती. मी साडेचारला जाऊन चटया घातल्या, सरळ केल्या, पुन्हा सरळ केल्या. पाचला पाच मिनिटे असताना पाळक आले आणि त्यांच्यामागून सर. सर म्हणजे पंचमंडळीचे चिटणीस, निवृत्त मुख्याध्यापक, खुर्च्यांचा प्रस्ताव त्यांचाच. येताना त्यांनी मोजपट्टी आणली होती. पाच वाजले तेव्हा आठ मुले होती. (सिस्टर आली होती, याचे मला आश्चर्य वाटले आणि भीतीही.) सर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पट्टी लावत होते, वायरमनला दुसरे टोक धरायला लावले होते, आणि त्याने ते धरलेही होते. पाच वाजून सात मिनिटांनी त्यांनी जाहीर केले, “एकावर एक रचल्या तर चौसष्ट बसतील. आणि खुर्च्या निदान वेळेवर हजर असतात.” पाळक या दोन्ही गोष्टींना हो म्हणाले. दाराबाहेर पाऊल वाजले की मी मान वळवायचो, आणि पाऊल पुढे निघून जायचे.

मग सर भिंतीकडे वळले आणि एकेक कार्ड वाचू लागले. ठिकठिकाणी रकाने रिकामे. सतरा कार्डे होईपर्यंत त्यांच्या कपाळावरची आठी खोल होत गेली, आणि अठराव्यापाशी ती एकदम उलगडली. म्हणाले, “याला म्हणतात काम. एक दिवस चुकलेला नाही. बघा, बघा जरा, तुमच्या काकांकडून शिका.” मुले बघायला उठली. त्या क्षणी मला काय झाले ते सांगता येत नाही, ताई. छातीत माल भरलेली पेटी निसटावी तसे झाले. कारण सगळ्यांत पुढे सिस्टर होती, आणि औषधाची तारीख वाचल्याशिवाय तिचा हात पुढे जात नाही. ती शांतपणे म्हणाली, “काका, आज चौदा. तुमचं कार्ड एकतीसपर्यंत भरलंय.”

भरले होते. माझ्याच अक्षरात, एकाच शाईने, एका बैठकीत, एक तारखेच्या सकाळी. पुढच्या मंगळवारी मला शंका नव्हती, बुधवारीही नव्हती, थेट महिनाअखेरपर्यंत मला कसलीच शंका येणार नव्हती. मुलांच्या खुणा तपासण्यात इतका वेळ जात होता की स्वतःच्या एकगठ्ठा करून टाकाव्यात असे ठरवून मी ते केले होते, आणि ते करताना मला त्यात वावगे काही दिसले नव्हते. वायरमनच्या हातातून पट्टीचे टोक सुटले आणि ती सळसळत सरांच्या मुठीत गेली. सर म्हणाले, “याचा खुलासा?”

खुलासे करण्यात माझा हात धरणारा कोणी नाही, हे तू जाणतेस. तीन तर तयार होते. पण आठ तरुण चेहरे माझ्याकडे बघत होते, आणि त्यांत चेष्टा नव्हती. खरे काय आहे ते ऐकण्याची त्यांची इच्छा होती, बस. म्हणून मी खरे ते सांगितले. मी पहिल्या महिन्यातल्या सातव्या दिवशी थांबलो. त्या दिवशीच्या भागात देवाच्या आज्ञेवरून मुलाचाच बळी द्यायला बाप त्याला घेऊन डोंगर चढतो, मुलगा विचारतो की लाकडे आहेत, विस्तव आहे, पण कोकरू कुठे आहे, आणि बाप त्याला धड उत्तर देत नाही. शेवट चांगला आहे, मुलगा वाचतो, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. तरी मला तिथून पुढे जाता येईना. शंकेच्या रकान्यात लिहायचे, तर प्रमुखानेच शंका लिहिली असे झाले असते. म्हणून ‘नाही’ लिहिले, आणि त्यानंतर शास्त्र उघडलेच नाही. सदतीस दिवस.

हे मी भिंतीकडे बघून बोललो. वळलो तेव्हा दारात तुझी भाची उभी होती. (सिस्टरने तिला निरोप धाडला होता : ‘बाबा अडचणीत आहेत, ये.’) तिने चप्पल काढली, चटईवर बसली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “मला तर वेगळंच वाटतं. डोंगर उतरताना तो मुलगा बापाशी काय बोलला असेल?” मग सर मोजपट्टी खिशात घालत म्हणाले, “आणि घरी गेल्यावर आईला काय सांगितलं?” वायरमन म्हणाला, “सर, बसा ना, उभ्याने कुठे होतंय हे.” सर बसले. पाळक बसले. वायरमनने शास्त्र उघडून तो भाग वाचला, पाव अध्यायावर न थांबता. पुढे पावणेसात वाजेपर्यंत त्या खोलीत जे झाले त्याला रकाने नव्हते. माणसे एकमेकांना अडवून बोलत होती. दोघांनी स्वतःच्या वडिलांबद्दल सांगितले. सरांनी स्वतःच्या मुलाबद्दल एक वाक्य सांगितले आणि थांबले. कोणी पुढचे विचारले नाही. शेवटी सिस्टरने प्रार्थना केली. ती मला संपूर्ण ऐकू आली नाही, कारण माझे नाक वाहत होते.

उठताना मात्र सर सर झाले. “नऊ म्हणजे बारा नव्हेत. पण मी फेरपरीक्षा कोणाला नाकारलेली नाही. पुढचा शनिवार.” मुले गेल्यावर मी सिस्टरच्या कार्डावरचा लाल शेरा खोडला, खाली सही करून तारीख घातली (खाडाखोड प्रमाणित करावी लागते), आणि तिला विचारले की आता वाचू या का. आम्ही दोघांनी पायरीवर बसून एक स्तोत्र वाचले. वेळापत्रकाप्रमाणे ते चार महिन्यांनी यायचे होते. वायरमनने कार्डे उतरवली आणि खिळे ठेवले, पिशव्या अडकवायला बरे म्हणून.

हे पत्र आमच्या औषधांच्या गाडीच्या चालकाकडे देत आहे. तो शुक्रवारी सकाळी तुमच्या गावात माल उतरवतो. पत्र मिळाल्याची सही त्याच्या वहीत कर.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. : वायरमन दोन मावसभावांना आणतो म्हणाला आहे. म्हणजे अकरा होतात. मी संघाची नियमावली तीन वेळा वाचली. ‘प्रमुख व पाळक वगळून किमान बारा जण उपस्थित’ असे शब्द आहेत आणि तरुण म्हणजे किती वयाचा याची व्याख्या कुठेही केलेली नाही. तू एकाहत्तर वर्षांची आहेस. शनिवारी पाचला येऊन चटईवर बसलीस, तर तुला कोणी आक्षेप घेऊ शकणार नाही. हे पत्र लिहिण्याचा उद्देश हाच होता.

ता. क. (बुधवार) : तुझ्या भाचीने हे पत्र मला न विचारता वाचले. म्हणाली, “आत्याला आकडा म्हणून बोलावताय? अजून एक बिनकार्ड?” वरचा मजकूर खोडणार होतो, पण अकरा म्हणजे बारा नव्हेत, म्हणून तूर्त ठेवला आहे.

ता. क. (गुरुवार) : आज दुपारी सर गोदामात आले. फळ्यांमधून चालत माझ्या टेबलापर्यंत आले आणि म्हणाले की त्यांनीही नियमावली वाचली, वयाची अट नाही, तेव्हा शनिवारी ते स्वतः सभासद म्हणून बसतील. त्या आईचा विचार त्यांच्या डोक्यातून जात नाही. म्हणजे बारा झाले. वरची विनंती मी या ताज्या कलमाने रद्द करत आहे. तू आलीस तर तेरा होतील, आणि तेराव्याची नियमाला गरज नाही. मी अजून त्या डोंगरावरच थांबलो आहे. लहानपणी तू मला वाचून दाखवायचीस तेव्हा मी मध्येच शंका विचारली, तर तू पुस्तक मिटून आधी मला उत्तर द्यायचीस. उत्तर येत नसेल, तर येत नाही म्हणायचीस. गाडी शुक्रवारी दुपारी तीनला परत निघते. चालकाशेजारची जागा रिकामी असते.