आठ कडव्यांचं विमान

पेण, ६ जानेवारी १९९७

ती. गं. भा. बायजाअक्कास,
दत्तूचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. बातमी एकच, ती वाचून हसायचं ते आधी हसून घे. मी विमान उडवायला शिकतो आहे. जावईबापू मितेश यांनी मस्कतहून माझ्या नातीसाठी, किमयासाठी आणलं. तीन हात पंख, खरंखुरं इंजिन, आणि आपण जमिनीवर उभं राहून रेडिओच्या डब्यावरच्या दोन दांड्यांनी चालवायचं. किमया चार वर्षांची. ती मोठी होईपर्यंत मी ते सांभाळतो आहे. इंधनात एरंडेल असतं. धुराच्या वासाने मला आपल्या लहानपणच्या रविवारच्या सकाळी आठवतात, आई नाक दाबून पाजायची त्या.

दाजी गेल्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून तू रोह्याच्या बाजारापलीकडे पाऊल टाकलेलं नाहीस. म्हणून पैज लावतो. आपली चौथीतली पाखरांची कविता, आठही कडवी म्हणून होईपर्यंत विमान हवेत राहिलं, तर तू पेणला येऊन आठ दिवस राहायचंस. नाही जमलं, तर विमान तुझं.

लोभ आहे तेवढाच ठेव. वाढला की तू उपदेश करतेस.

तुझा दत्तू

अष्टमी (रोहा), १३ जानेवारी १९९७

चि. दत्तूस,
अक्काचे अ. उ. आ.

पासष्टाव्या वर्षी तू विमान चालवणार हे शेजारच्या जनीला सांगितलं. ती म्हणाली, की गो अक्का, त्यांना सायकल तरी येते का ते विचार आधी. मी विषय बदलला. लहानपणी वडिलांची छत्री उघडून गोठ्यावरून उडी मारलीस, ती मोडली आणि वाऱ्याने नेली म्हणालास. मार मी खाल्ला.

पैज मान्य, पण अटी आहेत. कविता गुरुजींच्या चालीवर, कडवं न गाळता. तुझ्या जेवणाआधीच्या श्लोकासारखी घाईने नाही. साक्षीला काळुराम मूर्तीवाला, कारण तो तुझं ऐकत नाही. मुदत शिमग्यापर्यंत.

यावंसं वाटत नाही असं नाही रे. पण दाराला कुलूप घालायला गेलं की वाटतं, ह्यांना आत कोंडून चालले. दोनदा पिशवी भरली, दोनदा रिकामी केली. ते असो.

तब्येतीला जप, आणि जमिनीवरच राहा.

अक्का

पेण, ९ फेब्रुवारी १९९७

ती. अक्कास,
शि. सा. न.

विमान नुसतं पांढरं दिसत होतं, म्हणून रंगवायला काळुरामकडे दिलं. त्याने ते गणपतीसारखं मनावर घेतलं. आधी खडूचा हात, घासून दुसरा हात, मग गुलाबी, मग सोनेरी किनार, आणि शेवटी नाकाशी दोन डोळे आखले. दिसायला असं, की ओवाळावं. पडीक मिठागरात नेलं, तर ते बांधापर्यंत धावत गेलं, बांधाला टेकलं आणि उभं राहिलं. वाण्याच्या काट्यावर ठेवलं, अर्धा किलो तर रंगच. काळुरामचं म्हणणं, की जड नाय, भारदस्त हाय. चार दिवस पॉलिश पेपरने घासलं. डोळे मात्र त्याने पुसू दिले नाहीत. एकदा आखलेले डोळे त्याच्या कारखान्यात कोणी पुसत नाही.

मग उडालं, अक्का. बगळ्यांच्याही वर गेलं. पण दुसऱ्या कडव्याला ते माझ्याकडे वळतं, आणि तोंड माझ्याकडे झालं की माझं उजवं ते त्याचं डावं. मी सावरायला जातो, ते आणखी कलतं. तीन वेळा चिखलात. मिठागरावरचा सखा काढून देतो आणि दरवेळी विचारतो, की पायलट कुठल्या स्टेशनला उतरले. गोंद वाळायला प्रत्येक वेळी आठवडा जातो.

विमान गेलं तर जाऊ दे. तू येणार नाहीस, याचं वाईट वाटतं.

तुझ्या मायेतला

दत्तू

अष्टमी, १६ फेब्रुवारी १९९७

चि. दत्तूस,
अ. उ. आ.

तू जन्मभर फळ्याकडे तोंड करून शिकवलंस, म्हणून हा घोटाळा. मी तीस वर्षं मुलींसमोर उभी राहून कवायत घेतली. तोंडाने उजवा म्हणायचं आणि आपला डावा वर करायचा, म्हणजे समोरच्या पोरी चुकत नाहीत. काल सुपाचं विमान करून घरात चालवून पाहिलं. समोरून येताना तुला जो पंख खाली गेलेला दिसेल, त्याच बाजूला दांडी सरकव, जणू खालून टेकू देतो आहेस. जनीने खिडकीतून पाहिलं आणि डॉक्टरांना बोलवू का विचारलं.

मला हरायची हौस नाही. पण बिचारं विमान किती वेळा चिखल खाईल?

आशीर्वाद आहेतच, ते जपून वापर.

अक्का

पेण, २ मार्च १९९७

ती. अक्कास,
शि. सा. न.

टेकू लागला. काल सकाळी वारा पडलेला होता. विमान गेलं, वळलं, आलं, पुन्हा गेलं. काळुराम बोटांवर कडवी मोजत होता. तिसरं, चौथं, पाचवं. आणि सहावं मला आठवेना. डोक्यावर ते डोळे वटारून घिरट्या घालतं आहे आणि खाली मी गप्प. शेवटी इंधन संपलं आणि ते अलगद उतरलं. काळुरामने निकाल दिला, की मास्तर हरले.

तेव्हा विमान तुझं. पण पार्सलने पाठवलं तर पंख मोडतील, आणि गुडघ्यामुळे मला गाडीची पायरी चढवत नाही. काय करावं ते तूच कळव.

हरलेल्यावरही माया असू दे.

दत्तू

अष्टमी, ९ मार्च १९९७

चि. दत्तूस,
अ. उ. आ.

बत्तीस वर्षं चौथीच्या वर्गाला ती कविता शिकवलीस. तुझ्या लेकीच्या, सुरभीच्या बारशाला, कोणी म्हण म्हटलं नसताना, आठही कडवी दोनदा म्हणालास. तुला सहावं आठवेना? आणि हा गुडघा मिठागराचा बांध बरा चढतो. छत्रीची थाप वडिलांना कळली नव्हती. मला तेव्हाही कळली होती. जिंकून बोलावलं असतंस, तर मी तिसऱ्यांदा पिशवी रिकामी केली असती, हे तू ओळखलंस. काळुरामला काही सांगणार नाही.

जिंकलेलं विमान न्यायला शनिवारी सकाळच्या गाडीने येते. राहायला नाही, न्यायला. पिशवीत आठ दिवसांची लुगडी आहेत, कारण गोंद वाळायला वेळ लागतो असं तूच लिहिलं आहेस. दाराला कुलूप घालणार नाही. जनी दोन्ही वेळा येऊन दार उघडेल, संध्याकाळी दिवा लावेल. ह्यांच्या फोटोपुढे तसं सांगून ठेवलं आहे.

रविवारी मिठागरात दांड्या मी धरीन. तू नुसती कविता म्हणायचीस. सहावं कडवं येईपर्यंत मी काही ते खाली उतरवायची नाही.

अक्का